एमॉस अलॉन्झो स्टॅग : मैदानावरचा अध्यापक

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : अमेरिकन फुटबॉलच्या जुन्या नोंदी वाचताना एमॉस अलॉन्झो स्टॅग हे नाव सतत भेटते, खेळाडू आणि प्रशिक्षक म्हणून त्यांची कारकीर्द नेमकी कशी होती, आणि विजयांच्या यादीत त्यांना मागे टाकणारे आता अनेक जण असताना त्यांना एवढे मोठे का मानतात?

मी तीस वर्षांहून अधिक काळ महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण संचालक म्हणून काम केले. मी घडवलेले संघ कबड्डीचे, खो-खोचे आणि बास्केटबॉलचे होते. अमेरिकन फुटबॉल मी कधी शिकवलेला नाही. परंतु महाविद्यालयातील प्रशिक्षकाचे पद कसे निर्माण झाले, हा माझ्या अनेक वर्षांच्या वाचनाचा विषय आहे, आणि त्या वाचनात स्टॅग यांना टाळून पुढे जाताच येत नाही. माझे मत प्रथमच सांगून टाकतो. स्टॅग यांच्या नावावरील ३१४ विजयांपेक्षा १८९२ साली त्यांना शिकागो विद्यापीठात मिळालेली नेमणूक अधिक महत्त्वाची आहे. त्यांची कारकीर्द त्या नेमणुकीच्या अंगाने वाचली, तरच तिच्यातले मोठेपण आणि तिच्यातली अडचण, दोन्ही नीट उमगतात.

स्टॅग यांचा जन्म १६ ऑगस्ट १८६२ रोजी न्यू जर्सीतील वेस्ट ऑरेंज येथे झाला. वडील जोडे शिवण्याचे काम करीत. घर मोठे आणि मिळकत बेताची. धर्मोपदेशक व्हायचे या निश्चयाने ते येल विद्यापीठात आले आणि तेथे सर्वप्रथम गाजले ते बेसबॉलमधील पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, म्हणून. व्यावसायिक बेसबॉल संघांनी त्यांना पैसे देऊ केले, ते त्यांनी नाकारले. त्या काळातील व्यावसायिक बेसबॉलच्या अवतीभोवती दारूचे गुत्ते होते आणि ते वातावरण त्यांना मान्य नव्हते. पुढे सत्तर वर्षे हा माणूस ज्या कडक वळणाने जगला, ते वळण येथेच दिसते. त्यांनी कधी मद्य घेतले नाही, तंबाखूला हात लावला नाही आणि शिवी दिली नाही. सरावात एखाद्याने फारच चूक केली, तर त्याला ते ‘गाढव’ म्हणत, आणि त्याच्यापुढचा शब्द त्यांच्याकडे नव्हता.

फुटबॉलमध्ये ते ‘एंड’ या जागी, म्हणजे आघाडीच्या रांगेच्या टोकाला खेळत. बांधा लहान होता, परंतु टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडण्याचा डाव, पक्का होता. १८८८ च्या ज्या येल संघात ते होते, त्या संघाने १३ सामन्यांत ६९८ गुण केले आणि प्रतिपक्षाला एकही गुण करू दिला नाही. पुढच्याच वर्षी देशातील सर्वोत्तम अकरा खेळाडूंचा ‘ऑल अमेरिका’ संघ प्रथमच जाहीर झाला आणि त्यात स्टॅग होते. ही निवड मोठा मान होती, यात शंका नाही; मात्र ते अकराही खेळाडू येल, हार्वर्ड आणि प्रिन्स्टन या तीनच विद्यापीठांचे होते, हेही ध्यानात ठेवावे. तेव्हा ‘सारी अमेरिका’ म्हणजे पूर्व किनाऱ्याजवळचा एक छोटा टापू होता.

त्या येल संघाला शिकवत कोण होते, ही माहिती आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. वॉल्टर कँप हे अमेरिकन फुटबॉलच्या नियमांचे जनक मानले जातात, आणि १८८८ मध्ये संघाचे मार्गदर्शक तेच होते. परंतु त्यांचा चरितार्थ न्यू हेवनमधील घड्याळांच्या कंपनीतल्या नोकरीवर चालत असे. दुपारी त्यांना कामावरून निघता येत नसे, म्हणून त्यांची पत्नी ॲलिस सराव पाहायला जाई, कोण कसे खेळले याची टिपणे ठेवी, आणि संध्याकाळी कँप कर्णधाराला घरी बोलावून त्या टिपणांवरून सूचना देत. देशातील सर्वांत बलाढ्य संघाचे प्रशिक्षण असे फावल्या वेळात आणि विनावेतन चालत होते. इतर बहुतेक ठिकाणी जुना खेळाडू हंगामापुरता येई, दोन महिने शिकवी आणि निघून जाई. प्रशिक्षकाचे स्वतंत्र पद नव्हते, आणि त्याला विद्यापीठात कोणते स्थान असावे, असा विचारही फारसा कोणी केलेला नव्हता.

धर्मशास्त्राचा अभ्यास चालू असताना स्टॅग यांच्या लक्षात आले, की व्यासपीठावरून प्रवचन देणे आपल्याला साधत नाही. जे आपण शब्दांनी सांगू शकत नाही, ते मैदानावर शिकवता येईल, असा निर्णय त्यांनी केला आणि १८९० साली ते मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथील वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात दाखल झाले. तेथील फुटबॉल संघ त्यांनी उभा केला आणि स्वतःही त्यात खेळले. त्या संघात मध्यभागी खेळणारा कॅनडाचा तरुण म्हणजे जेम्स नेस्मिथ; त्यांनी डिसेंबर १८९१ मध्ये बास्केटबॉल हा खेळ तयार केला. मार्च १८९२ मध्ये विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यात त्या नव्या खेळाचा पहिला जाहीर सामना झाला. विद्यार्थी ५–१ असे जिंकले आणि शिक्षकांचा एकमेव गोल स्टॅग यांनी केला.

येथे क्षणभर आपल्या देशाकडे येतो, कारण हा धागा खरोखर जुळलेला आहे. स्प्रिंगफील्डच्याच विद्यालयात शिकलेले हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रासला वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले, आणि भारतात शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करण्याची एक मोठी वाट तेथून निघाली. माझ्यासारख्या माणसाच्या व्यवसायाचे एक मूळ अशा रीतीने त्या लहानशा विद्यालयापर्यंत पोहोचते. स्टॅग यांच्याविषयी मला जी आपुलकी वाटते, तिचे हे एक कारण आहे, आणि ते लपवण्याचे प्रयोजन नाही.

आता १८९२ च्या नेमणुकीकडे वळू. जॉन रॉकफेलर यांच्या देणगीतून शिकागोला नवे विद्यापीठ उभे राहत होते आणि विल्यम रेनी हार्पर त्याचे पहिले अध्यक्ष झाले होते. हार्पर येलमध्ये बायबल आणि हिब्रू शिकवत, त्यामुळे स्टॅग हे त्यांचे विद्यार्थी. स्टॅग यांनी पुढे स्वतः सांगितलेली हकीगत अशी, की हार्पर यांनी प्रथम वर्षाला १,५०० डॉलर देऊ केले, मग २,०००, आणि स्टॅग गप्पच राहिले तेव्हा २,५०० डॉलर व त्यासोबत सहयोगी प्राध्यापकाचे कायम पद. स्टॅग यांचे मौन पैशासाठी नव्हते, ते विचारात पडले होते. परंतु त्या बोलण्यातून जे निष्पन्न झाले, ते अमेरिकेतील उच्च शिक्षणात नवे होते. शारीरिक शिक्षण व क्रीडा हा विद्यापीठाचा एक रीतसर विभाग झाला, त्या विभागाचा प्रमुख इतर प्राध्यापकांच्या पंगतीत बसू लागला, आणि संघ एखादा सामना हरला म्हणून त्याची नोकरी जाणार नव्हती.

या गोष्टीचे महत्त्व, ज्याने या पदावर काम केले आहे, त्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. माझ्या नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत एका महाविद्यालयात शिक्षकांच्या बैठकीला मला बोलावलेच जात नसे. खेळ शिकवणारा तो शिक्षक कसा, असा तेथे प्रश्न होता. शिकागोने त्या प्रश्नाचे उत्तर १८९२ मध्ये देऊन ठेवले होते, हे मी पुष्कळ उशिरा वाचले.

पहिल्या हंगामात खेळाडू इतके कमी होते, की प्रशिक्षक स्टॅग स्वतः संघातून खेळले. दोनच वर्षांनी, १८९४ च्या नाताळात, ते संघ घेऊन रेल्वेने थेट कॅलिफोर्नियाला गेले आणि सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी स्टॅनफर्डला २४–४ असे हरवले. इतक्या लांबच्या प्रवासाची तेव्हा कोणाला सवय नव्हती. त्याच वर्षी त्यांचा विवाह स्टेला रॉबर्टसन यांच्याशी झाला. स्टेला या प्रतिस्पर्ध्यांचे सामने पाहून चालींच्या आकृत्या काढीत आणि आकडेवारी ठेवीत. ॲलिस कँप यांनी येलमध्ये जे केले, तेच त्यांनी अधिक पद्धतशीरपणे केले. या दोन स्त्रियांच्या कामाची नोंद इतिहासात फार त्रोटक आहे, याची मला खंत वाटते.

स्टॅग यांच्या नावावर शोधांची लांबलचक यादी सांगितली जाते : टॅकल शिकण्याचा गादीचा पुतळा, चाल सुरू होण्यापूर्वी धावणारा खेळाडू, टोकाच्या खेळाडूकडे चेंडू देऊन उलट्या दिशेने काढलेली चाल, खेळाडूंच्या पाठीवरचे क्रमांक, खेळाडूंनी घोळका करून चाल ठरवणे, आणि आणखी किती तरी. ही यादी जशीच्या तशी स्वीकारू नये, असा माझा सल्ला आहे. घोळक्याचे, म्हणजे ‘हडल’चे, श्रेय गॅलॉडेट या मूकबधिरांच्या महाविद्यालयातील खेळाडूंनाही दिले जाते; आपल्या हातांच्या खुणा प्रतिपक्षाला दिसू नयेत म्हणून ते १८९४ च्या सुमारास गोल करून उभे राहत, आणि हे कारण मला अतिशय पटण्यासारखे वाटते. फॉरवर्ड पास, म्हणजे चेंडू हाताने पुढच्या दिशेला फेकणे, १९०६ मध्ये नियमात आला तेव्हा स्टॅग यांच्यापाशी त्याच्या अनेक चाली तयार होत्या हे खरे, पण सामन्यात पहिला पास फेकला तो सेंट लुइस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने. खेळातील कल्पना एकाच वेळी दहा मैदानांवर उगवतात. स्टॅग यांचे वेगळेपण असे, की ते सर्व काही लिहून ठेवत, आकृत्या काढत आणि इतरांना शिकवत. १८९३ साली त्यांनी हेन्री विल्यम्स यांच्यासह अमेरिकन फुटबॉलवर चालींच्या आकृत्यांसहित पुस्तक लिहिले. त्यामुळे जे ज्ञान पूर्वी येलच्या मैदानावर तोंडी दिले जात होते, ते कोणालाही विकत घेता येऊ लागले. नियम समितीवरही त्यांनी दीर्घकाळ काम केले.

१८९६ मध्ये शिकागोसह सात विद्यापीठांनी मिळून वेस्टर्न कॉन्फरन्स स्थापन केली. हीच पुढे ‘बिग टेन’ म्हणून प्रसिद्ध झाली. स्टॅग यांच्या शिकागोने तिचे विजेतेपद सात वेळा मिळवले. त्यांपैकी १९०५ चे विजेतेपद सविस्तर सांगण्यासारखे आहे. फील्डिंग योस्ट यांचा मिशिगनचा संघ त्या दिवसापर्यंत सलग ५६ सामन्यांत हरलेला नव्हता आणि त्या हंगामात त्याने ४९५ गुण करून स्वतःवर एकही होऊ दिला नव्हता. ३० नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, शिकागोच्या मैदानावर पंचवीस हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर दोन्ही संघ भिडले. बराच वेळ गुणच होईनात. उत्तरार्धात शिकागोचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाली चालवणारा खेळाडू, वॉल्टर एकर्सल याने लांब पंट मारला (हातातून सोडलेला चेंडू जमिनीला टेकण्यापूर्वीच लाथेने दूर उडवणे म्हणजे पंट), मिशिगनच्या डेनी क्लार्कने तो आपल्याच गोलरेषेमागे झेलला, चेंडू तेथेच ठेवण्याऐवजी तो घेऊन पुढे धावला, आणि शिकागोच्या खेळाडूंनी त्याला परत रेषेमागे रेटले. याला ‘सेफ्टी’ म्हणतात आणि त्याचे दोन गुण असतात. सामना २–० असा संपला. हा विजय पंटच्या जागेतून आणि पंटमागे धावणाऱ्या खेळाडूंच्या शिस्तीतून आला, चमकदार चालीतून नव्हे. प्रशिक्षक म्हणून मला तो याच कारणासाठी आवडतो. परंतु ज्या मुलाच्या हातून ती चूक झाली, त्याला वृत्तपत्रांनी बराच काळ सोडले नाही, हेही प्रत्येक प्रशिक्षकाने आठवणीत ठेवले पाहिजे.

याच हंगामात मैदानावर इतके मृत्यू झाले, की राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना त्यात लक्ष घालावे लागले. १९०६ च्या आरंभी मिशिगनचे अध्यक्ष एंजल यांच्या पुढाकाराने वेस्टर्न कॉन्फरन्सच्या विद्यापीठांची बैठक भरली आणि सामन्यांची संख्या व खेळण्याची वर्षे कमी करण्यात आली. त्याच बैठकीत असेही ठरले, की प्रशिक्षक हा विद्यापीठाने रीतसर नेमलेला, माफक वेतन घेणारा माणूस असावा. योस्ट हंगामापुरते येत आणि उरलेले वर्ष स्वतःच्या व्यवसायात असत, त्यामुळे हा नियम त्यांच्यावर थेट येऊन पडला. स्टॅग यांना मात्र त्याने काहीच बदलावे लागले नाही, कारण ते चौदा वर्षे तसेच होते. लवकरच मिशिगन त्या संघटनेतून बाहेर पडले आणि १९१७ मध्येच परतले. १८९२ ची एक नेमणूक अशा प्रकारे सगळ्या विभागाचा दंडक झाली.

आता अडचणीची बाजू. कायम पद दिले म्हणजे खेळ शिक्षणाच्या मर्यादेत राहतो, अशी हार्पर आणि स्टॅग यांची समजूत होती. तसे घडले नाही. विद्यापीठ नवे होते, त्याला नाव हवे होते आणि फुटबॉल ते मिळवून देत होता. प्रेक्षागृहे वाढली, विभागाकडे तिकिटांचा पैसा येऊ लागला, आणि त्या पैशावर स्टॅग यांचा हात बराच मोकळा होता. शाळकरी खेळाडूंच्या मोठ्या स्पर्धा शिकागोत भरवल्या जात आणि त्यातून चांगले खेळाडू विद्यापीठाच्या नजरेत येत. १९०५ चा नायक एकर्सल पदवी न घेताच विद्यापीठातून बाहेर पडला. जो माणूस हौशी खेळाच्या शुद्धतेवर मनापासून बोलत होता, त्याच्याच हातून महाविद्यालयीन खेळाचा मोठा व्यवसाय आकाराला आला. याला मी ढोंग म्हणणार नाही, कारण त्यांच्या व्यक्तिगत सचोटीबद्दल शंका घ्यावी असे मला काही आढळलेले नाही. पण सचोटीचा माणूस पदावर बसवला म्हणजे व्यवस्था आपोआप सरळ चालते, हा समज शिकागोच्या उदाहरणाने खोटा ठरतो.

१९२० नंतर मोठी सरकारी विद्यापीठे पुढे गेली. १९२४ मध्ये, रेड ग्रेंज हा गाजलेला खेळाडू ज्यात होता त्या इलिनॉयच्या संघाशी २१–२१ अशी बरोबरी साधून शिकागोने शेवटचे विजेतेपद घेतले आणि मग उतार लागला. १९२९ मध्ये रॉबर्ट हचिन्स अध्यक्ष झाले तेव्हा ते तीस वर्षांचे होते. सत्तरीला निवृत्ती हा नियम त्यांनी स्टॅग यांनाही लावला आणि १९३२ च्या हंगामाअखेर, ४१ वर्षांनंतर, स्टॅग यांना पद सोडावे लागले. विद्यापीठ त्यांना सल्लागारासारखे काम देत होते. काम नसलेले पद त्यांना नको होते. ते कॅलिफोर्नियातील स्टॉकटनला, कॉलेज ऑफ द पॅसिफिक या लहान महाविद्यालयात गेले आणि सत्तरीनंतर पुन्हा पहिल्यापासून संघ बांधू लागले. तेथील १४ हंगामांत विजयांपेक्षा पराभव अधिक आहेत. तरीही नोव्हेंबर १९३८ मध्ये ते हा संघ घेऊन शिकागोला आले आणि ज्या मैदानाला त्यांचे नाव दिलेले होते, त्याच मैदानावर त्यांनी शिकागोला ३२–० असे हरवले. पुढच्या वर्षी मिशिगनने शिकागोवर ८५–० असा विजय मिळवला. मिशिगनचे प्रशिक्षक फ्रिट्झ क्रिसलर हे शिकागोत स्टॅग यांच्याच हाताखाली खेळलेले होते. त्या डिसेंबरमध्ये विद्यापीठाने फुटबॉलच बंद केला. रिकाम्या पडलेल्या स्टॅग फील्डच्या पश्चिमेकडील प्रेक्षागृहाखाली, स्क्वॉशच्या कोर्टात, २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील पहिली नियंत्रित अणुशृंखला प्रक्रिया घडवली. स्टॅग तेव्हा स्टॉकटनमध्ये मुलांना पंट शिकवत होते. १९४३ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी, प्रशिक्षकांच्या संघटनेने त्यांना वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून निवडले.

आता आपण विचारलेल्या आकड्यांविषयी. ३१४ विजय, १९९ पराभव आणि ३५ बरोबरी हा प्रचलित हिशेब आहे : स्प्रिंगफील्डचे १०, शिकागोचे २४४ आणि पॅसिफिकचे ६० विजय. प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांनी नोव्हेंबर १९८१ मध्ये ३१५ वा विजय मिळवून तो ओलांडला. त्यानंतर एडी रॉबिन्सन ४०८ पर्यंत आणि जॉन गॅग्लियार्डी ४८९ पर्यंत गेले. या आकड्यांची परस्परांशी तुलना मला योग्य वाटत नाही, कारण १८९० चा फुटबॉल आणि १९८० चा फुटबॉल हे गुणपद्धतीपासून मैदानापर्यंत वेगळे खेळ आहेत. १९५१ मध्ये कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे नामवंतांच्या सन्मान-दालनात, त्यांचा समावेश खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी झाला, आणि १९५९ मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेमनेही त्यांना स्थान दिले. लहान महाविद्यालयांच्या तिसऱ्या श्रेणीतील अंतिम सामना १९७३ पासून ‘स्टॅग बाउल’ या नावाने खेळला जातो, ही आठवण मला सर्वांत उचित वाटते.

आणि एक हिशेब त्या ३१४ मध्ये धरलेलाच नाही. १९४६ नंतर पॅसिफिकमधून बाहेर पडल्यावर स्टॅग पेनसिल्व्हेनियातील सस्क्वेहाना विद्यापीठात गेले. तेथे त्यांचा मुलगा एमॉस अलॉन्झो स्टॅग धाकटा हा प्रशिक्षक होता. १९४७ ते १९५२ असे सहा हंगाम बापलेकांनी मिळून संघ सांभाळला आणि १९५१ चा हंगाम एकही सामना न हरता पूर्ण केला, तेव्हा वडील ८९ वर्षांचे होते. पुढे स्टेला यांची प्रकृती बिघडल्याने ते स्टॉकटनला परतले आणि नव्वदी ओलांडल्यावरही तेथील स्थानिक महाविद्यालयाच्या मुलांना चेंडूला लाथ कशी मारावी, हे शिकवत राहिले. १७ मार्च १९६५ रोजी त्याच गावी त्यांचे निधन झाले. वय १०२ वर्षे होते.